खिडकीवाला की बिनखिडकीचा

निवड करणं हे माणसाचं सर्वांत मोठं स्वातंत्र्य आहे, आणि ते आयुष्यभर खंड न पडता उपभोगलेला माणूस मी एकच पाहिला: आमचे थोरले साडू. वस्तू एकदा घेतली की निवडीचं स्वातंत्र्य संपतं, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं. मोठमोठ्या विचारवंतांनी या प्रश्नावर जाडजूड ग्रंथ लिहिले. साडूंनी तो जगून दाखवला. त्यामुळे त्यांच्या घरी बरीच वर्षं मिक्सर नव्हता आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, चटणी पाट्यावर वाटत असत.

साडू अकोल्याचे. जठारपेठेत घर आणि कापूस बाजाराच्या बाजूला दुकान. जिनिंगच्या यंत्रांना लागणारे पट्टे आणि बेअरिंग तिथे मिळतात. मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दोन बहिणींशी लग्नं केली एवढाच काय तो आमचा परस्परसंबंध, पण साडूंनी मला पहिल्या भेटीपासून आपला सल्लागार नेमलं. ते सल्ला मागतात तो मानण्यासाठी नव्हे. बाजूला काढून ठेवायला त्यांना एक मत लागतं. "तुमी म्हनता ते बरोबर हाय, साडूभाऊ," असं ते म्हणाले की तो पर्याय बाद झाला असं समजायचं. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या बाबतीत त्यांना क्षणाचाही वेळ लागत नाही. यंत्र बंद पडलेला जिनिंगवाला धापा टाकत दुकानात शिरला की साडू त्याचं पुरतं ऐकूनही न घेता मागच्या फळीवर हात घालतात आणि नेमकं बेअरिंग काढून देतात. स्वतःसाठी मात्र त्यांनी साधा रुमाल घ्यायचा म्हटलं तरी दुकानदार खुर्ची पुढे करतो.

अकोल्याचा उन्हाळा हा चर्चेचा विषय नाही, भोगायचा विषय आहे. साडूंनी त्याची चर्चा केली. घरातला जुना कूलर मोडला तेव्हा नवा गवताच्या जाळीचा घ्यावा की पुठ्ठ्याच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचा, यावर त्यांनी चैत्रात अभ्यास सुरू केला. शेजाऱ्यांच्या कूलरसमोर ते ओला रुमाल टांगून तो किती वेळात वाळतो ते पाहत. शेजारी आधी हसले, मग दार लावून घेऊ लागले. ताई आणि घरातली मंडळी ओल्या चादरी पांघरून दुपारी फरशीवर पडून राहायची. कूलर आला तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या. साडू त्याच्यासमोर स्वेटर घालून बसले आणि मला म्हणाले, "घाई केली असती तं गवताचा घेऊन बसलो असतो ना, साडूभाऊ."

कॅमेऱ्याचा विचार त्यांच्या मनात केव्हा आला हे निश्चित सांगता येणार नाही, कारण विचार करावा की नाही याचाही त्यांनी आधी काही काळ विचार केला होता. त्यांना हवा होता छोटा, स्वस्तातला, मिररलेस कॅमेरा. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या पोटात एक आरसा असतो. या नव्या जातीत तो काढून टाकलेला असतो, म्हणून कॅमेरा लहान आणि हलका होतो. साडूंनी हे सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आरसा काढून टाकला तं मंग पैशे कमी काहून नाही घेत ते?" हा मुद्दा साडूंना इतका वजनदार वाटला की पुढे महिनाभर त्यांनी कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. ऐपत नव्हती अशातला भाग नव्हता. दुकान बरं चालतं. पण स्वस्तातला हवा हे तत्त्व होतं. "महागातलं तं कोनीबी घेते," ते म्हणत. "तिथं डोकं लागत नाही. डोकं लागते ते स्वस्तात."

पुष्कळ चाळण करून शेवटी दोन बॉडी उरल्या. लेन्स सोडून कॅमेऱ्याचा जो ठोकळा उरतो त्याला बॉडी म्हणतात. ज्यांना हे माहीत नसेल त्यांचा मला हेवा वाटतो. एका बॉडीला डोळा लावून पाहायची खिडकी होती, पण हात हलला की फोटो हलायचा. दुसरीत हाताची थरथर आवरायची सोय होती, पण खिडकी नव्हती. मागच्या पडद्यावर बघूनच फोटो काढायचा, आणि आमच्याकडच्या उन्हात तो पडदा शाळेच्या पाटीसारखा काळा दिसतो. कंपन्यांनी दोघांना अक्षरं आणि आकडे मिळून लांबलचक नावं दिली होती. घरात मात्र एक खिडकीवाला आणि दुसरा बिनखिडकीचा. ताई बिनखिडकीच्याला ‘कोठी’ म्हणत.

या दोन ठोकळ्यांवर जगभरात जेवढी म्हणून माणसं व्हिडिओ करून बोलली, ती सगळी साडूंनी ऐकली. हळूहळू ती त्यांच्या नात्यातली झाली. "आपला तो नॉर्वेवाला म्हनते का खिडकीवाला घ्या," असं ते सांगत, आणि ताई विचारत, "मंग लुधियानावाला काय म्हनते?" लुधियानावाल्याचं घर बदललं, मागची भिंत निळी झाली, हे ताईंनीच आधी ओळखलं होतं. एकदा मी अकोल्याला गेलो तर घरात जरा सुतकी शांतता. कोण गेलं म्हणून दबकत विचारलं. नॉर्वेवाल्यानं आपलं मत बदललं होतं.

ऐकून समाधान होईना तेव्हा साडूंनी दोन्ही कॅमेरे घरी तयार केले. साबणाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, मापं अगदी कंपनीची घेऊन, काळा कागद चिकटवून. वजन बरोबर यावं म्हणून आत तुरीची डाळ भरली. मग एक आठवडा हा आणि एक आठवडा तो, असे गळ्यात अडकवून ते दुकानात जाऊ-येऊ लागले. त्याच हिवाळ्यात आम्ही चौघं चिखलदऱ्याला गेलो. दरीच्या कठड्याशी भयंकर वारा होता. साडूंनी आम्हा तिघांना ओळीनं उभं केलं, माझ्या बायकोला शाल काढायला लावली, मला पोट आत घ्यायला सांगितलं, आणि तो पुठ्ठा डोळ्याला लावून बराच वेळ मागे-पुढे होत राहिले. आम्ही दात वाजवत हसत होतो. तेवढ्यात परतवाड्याकडचा एक भला तरुण आपणहून पुढे आला. "काका, तुमीबी जा ना त्यायच्यात उभे. मी काढतो." साडूंनी कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि आमच्यात येऊन उभे राहिले. त्या मुलानं बटण शोधलं, उलट करून पाहिलं, कानाशी हलवून पाहिलं. आत डाळ वाजली. त्यानं आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही. साडूंनी मात्र मनापासून विचारलं, "पकड कशी वाटली?"

"हलका हाय, काका," तो म्हणाला आणि आपल्या मंडळींना घेऊन तिथून निघून गेला.

"पाहा," साडू आम्हाला म्हणाले, "त्रयस्थ मानूस हाय. त्याले कोनी शिकवलं नव्हतं." पुढे एकदा घरी अचानक पाहुणे आले आणि डाळ संपलेली होती, तेव्हा बिनखिडकीचा वरणात गेला. साडूंनी त्याला दोन घास जास्त खाल्ले. खिडकीवाला मात्र त्यांनी ताईंच्या हाती लागू नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवला.

अमरावतीला ते माझ्याकडे येत तेव्हा आमची एक फेरी ठरलेली असे. राजकमल चौकाच्या अलीकडे कॅमेऱ्याचं एक दुकान आहे. तिथला मालक साडूंना पाहिलं की विचारल्याशिवाय दोन्ही बॉडी काचेवर आणून ठेवी आणि दुसरं गिऱ्हाईक बघायला जाई. साडू एकेक उचलत, डोळे मिटून बोटांनी चाचपत, खाली ठेवत. एकदा एका नवरदेवाच्या भावाला त्यांनी तिथेच उभ्या उभ्या नेमका कॅमेरा सुचवला. तो लगेच घेऊन गेलाही. मालक म्हणाला, "काका, तुमी इथंच बसत जा ना रोज." आणि जेव्हा जेव्हा साडूंचं पारडं एका बाजूला झुके, तेव्हा कुठली तरी कंपनी नवी बॉडी आणणार अशी कुजबुज उठे. मग ती येईपर्यंत थांबणं आलं. ती आली की जुन्यांच्या किमती उतरेपर्यंत थांबणं आलं. किमती उतरल्या की माल संपलेला असे. मला वाटतं साडू त्या काळात फार सुखी होते.

त्यात मामाजींच्या फोटोचं निघालं.

मामाजी म्हणजे आमचे दोघांचे सासरे. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग. झाडं त्यांनी स्वतः लावलेली, पण आता ती म्हातारी झाली होती. खोडांना डिंक सुटला होता आणि फळ बारीक येत होतं. येणारा बहार घ्यायचा, फळ उतरलं की झाडं काढून टाकायची, असं आमच्या मेहुण्यानं ठरवलं. मामाजींनी हरकत घेतली नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते ओसरीतल्या खाटेवरच असतात. वावर घराच्या मागेच आहे, पण बांधावरून चालणं संपलं, आणि डॉक्टरांनी हिसका बसू द्यायचा नाही असं बजावलेलं. त्यांनी एवढंच मागितलं, "शेवटच्या फुलाचा एक मोठा फोटो लावा इथं, समोरच्या भितीवर. पडल्या पडल्या पाहीन." मेहुण्यानं आदल्या वर्षीची फुलं त्यांना मोबाईलवर दाखवली होती. "याच्यात मले माहंच तोंड दिसते," म्हणून त्यांनी तो परत केला होता.

"एवढा मोठा फोटो मोबाईलचं काम नाही, मामाजी," साडू म्हणाले. "तो मी काढतो."

आता संत्र्याचं असं असतं की फूल आणायचं तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. थंडीत पाणी तोडायचं, झाड चांगलं तहानू द्यायचं आणि मग एके दिवशी पाणी सोडायचं. पुढे तीनेक आठवड्यांत बाग पांढरी होते. म्हणजे फूल कधी यावं हे बऱ्याच अंशी पाणी सोडणाऱ्याच्या हातात असतं. हे साडूंना कळलं आणि तिथून सगळं बिघडलं. "आधी कॅमेरा हाती येऊ द्या," त्यांनी मेहुण्याला सांगितलं, "चार दिवस हात बसू द्या, मंग पानी सोडा. म्हंजे फूल बरोबर पकडतो." मेहुणा शहाणा शेतकरी आहे, पण आमच्याकडे थोरल्या जावयाला विचारल्याशिवाय घरातल्या पूजेचाही दिवस धरत नाहीत. त्यानं मान डोलावली.

मग रोज सकाळी शेंदूरजन्याहून अकोल्याला फोन जाऊ लागला. "भाऊजी, झाला का कॅमेरा?" "होऊन राहिला. दोन दिवस." आजूबाजूच्या बागांना पाणी सुटलं, त्यांच्यावर पोपटी फुटवे दिसायला लागले. मामाजींची बाग तहानलेली उभी. शेवटी मेहुण्यानं मला ग्रंथालयात फोन केला. आवाज रडवेला होता. "भाऊजी, पानं मुरडून राहिले. आता गळाले लागतीन. थोरल्या भाऊजीले म्हना, कोंचाबी घ्या पन घ्या."

मी तो निरोप तसाच्या तसा अकोल्याला पोचवला. "कोंचाबी म्हंजे?" साडूंनी विचारलं. त्या शब्दाशी त्यांचा आधी कधी संबंध आला नसावा.

हा तिढा सोडवला तो मामाजींनी. खाटेवर पडून त्यांना वावरातल्या पाण्याच्या मोटरचा आवाज ऐकू येई, आणि दिवस उलटले तरी तो कसा येत नाही म्हणून त्यांनी मुलाला हाक मारली. "मोटर काहून बंद हाय रे?"

"कॅमेरा ठरला नाही, बाबा."

मामाजींनी हे वाक्य दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "बह्याड झाले काय रे तुमी सारे? सोड पानी आत्ताच्या आत्ता."

पाणी सुटलं. साडूंना कळवलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. पण ताईंनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं की त्या दिवसापासून त्यांचं जेवणावर लक्ष नाही, नॉर्वेवालाही बंद आहे, आणि दुकानात एका गिऱ्हाइकाला त्यांनी "बेअरिंग कोंचं देऊ?" असं उलट विचारलं. म्हाताऱ्या माणसाला शब्द दिला होता आणि झाडं आता कुणासाठी थांबणार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी तरी त्यांची तारीख ठरवली होती. फूल उमलायला लागल्याचा निरोप आला त्याच दिवशी माझा फोन वाजला. "साडूभाऊ," ते खोल आवाजात म्हणाले, "झालं. खिडकीवाला घेतला." मी समोरच्या स्टुलावर बसलो. ताईंनी देवापुढे साखर ठेवल्याचं नंतर कळलं.

साडू अकोल्याहून माझ्याकडे आले आणि आम्ही दोघं अमरावतीहून बरोबर गेलो. साडूंनी खोकं सगळ्या वाटेत मांडीवर धरलं होतं. वरूड मागे पडलं तसा गाडीत संत्र्याच्या फुलांचा वास यायला लागला. ओसरीत सगळे जमले. मामाजींना पाठीशी तक्क्या देऊन बसवलं. साडूंनी खोकं उघडलं, कॅमेरा काढला आणि तो सासऱ्यांच्या हातात दिला. काळा, लहान, देखणा ठोकळा होता. पुढच्या बाजूला एक गोल काळं झाकण. मामाजींनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"याचा डोळा कुठी हाय?"

"ते लेन्स, मामाजी," साडू म्हणाले. "लेन्स हा वेगळा विषय हाय. बॉडीसंगं कंपनी एक लेन्स गळ्यात मारते, ते मी घेतलं नाही. ते चांगलं पाहून घ्या लागते. त्याचं अजून चालू हाय."

मेहुणा भिंतीला टेकला. सासूबाई आत गेल्या. मामाजींनी रागाचा एक शब्द काढला नाही. त्यांनी कॅमेरा हळूच परत दिला, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. राहू द्या." एवढंच. साडूंचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

मग ते उठले. अंगणात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, एक हातांची आणि एक बिनहातांची. त्यांनी जवळची उचलली. दुसरीकडे पाहिलंसुद्धा नाही. मामाजींना त्यांनी काखेत हात घालून अलगद खाटेवरून उचललं, खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, "पकडा तिकून."

"डॉक्टर नाही म्हनले ना जी," मेहुणा पुढे आला.

"मंग तू मागून पकड. हिसका बसू देऊ नको."

खुर्ची बिनहातांची निघाल्यामुळे मामाजींनी आमच्या दोघांच्या गळ्यात हात टाकले होते, आणि उघड्या बांधावरून जाताना त्यांची पकड अशी होती की मला श्वास नीट घेता येत नव्हता. साडू घामानं थबथबले होते. कॅमेरा त्यांच्या छातीवर डोलत होता. मागून मेहुणा "डावीकडे, भाऊजी, डावीकडे गड्डा हाय" असं ओरडत होता.

बाग पांढरी झाली होती. पान दिसत नव्हतं. मधमाश्यांचा असा एकसारखा आवाज होता की बोलायचं तर जरा मोठ्यानंच बोलावं लागे. पहिल्या दोन ओळींच्या मधे आम्ही खुर्ची टेकली. हाताच्या अंतरावरची एक फांदी मामाजींनी नाकाशी ओढून घेतली आणि सोडून दिली. "ताण लय बसला," ते म्हणाले. "म्हून तं एवढं फूल फेकलं. दरसाल हा दोन दिवस आधीच पानी सोडे." मेहुण्यानं मान खाली घातली. साडूंनीही घातली.

"द्या तुमचं ते," मामाजी साडूंना म्हणाले.

साडूंनी कॅमेरा गळ्यातून काढला. आत धूळ जाते म्हणून पुढचं झाकण त्यांनी घरी, दारं लावूनसुद्धा काढलं नव्हतं. इथे माश्या उडत होत्या, पराग उडत होता. त्यांनी झाकण काढून खिशात टाकलं, कॅमेरा चालू केला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. मामाजींनी खिडकीला डोळा लावला. लेन्सशिवाय त्या खिडकीत काही दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. ते झाडांकडे तोंड करून, ओळ धरून, डावीकडून उजवीकडे सावकाश पाहत गेले.

"काही दिसते काय, मामाजी?" साडूंनी अगदी हळू विचारलं.

"पांढरं दिसते. सारं पांढरंच पांढरं."

"हो जी."

"मंग बरोबर हाय," मामाजी म्हणाले.

ते फळ उतरल्यावर झाडं काढली. मामाजींनी मशीनचा आवाज खाटेवरून ऐकला आणि चहा मागितला. पलीकडच्या वावरात नवी कलमं त्यांनीच मुलाला लावायला सांगितली. ओसरीतली समोरची भिंत अजून कोरी आहे. साडूंचं लेन्सचं काम मात्र पुष्कळ पुढे गेलं आहे. आता फक्त दोन उरल्या आहेत, एक जवळचं चांगलं दाखवणारी आणि एक लांबचं. मागल्या खेपेला त्यांनी ही प्रगती सासऱ्यांच्या कानावर घातली, तेव्हा मामाजींनी त्यांचा हात थोपटला. "या नव्या झाडायले पहिलं फूल येईन ना, तवा काढजा फोटो," ते म्हणाले. "मले घाई नाही."

कलमांना पहिला बहार धरायला पाच-सहा वर्षं लागतात. कॅमेऱ्याची वॉरंटी दोन वर्षांची आहे.